शीव ओलांडताना चिन्ह सांभाळा!

एखादी संख्या धन आहे की ऋण हेच माहीत नसेल तर? बहुतेक वेळा आपण गुपचूप ती धन धरतो आणि अर्धं उत्तर हरवून बसतो. सायनच्या किल्ल्यावर, मामेभावाच्या वहीत सापडलेल्या एका चुकीची ही गोष्ट.

"ताई, पुस्तकात उत्तर चुकीचं छापलंय," माझा मामेभाऊ ठामपणे म्हणाला. तो यंदा बारावी सायन्सला आहे. मामाचं घर सायनला. परीक्षा जवळ आली की घरातल्या टीव्हीपासून पळून तो वही घेऊन सायनच्या किल्ल्यावर जाऊन बसतो. त्या रविवारी मीही त्याच्याबरोबर गेले होते, ते खरं तर फोटो काढायला. गणित मी दहावीनंतर सोडलं. मास कॉमला अॅडमिशन घेतली तेव्हा सगळ्यात मोठा आनंद त्याचाच होता.

पण प्रश्न अगदीच सोपा दिसत होता. ६/क्ष < २, तर 'क्ष'च्या किमती शोधा. म्हणजे ६ ला कुठल्या संख्येने भागलं तर उत्तर २ पेक्षा लहान येईल? दोघांनी मिळून पाच सेकंदांत सोडवला. दोन्ही बाजूंना 'क्ष'ने गुणलं, ६ < २क्ष झालं, दोनाने भागलं, क्ष > ३. विषय संपला. खाली दिलेल्या पर्यायांतही पहिलाच पर्याय 'क्ष > ३' होता. उत्तरसूचीत मात्र लिहिलं होतं, 'क्ष < ० किंवा क्ष > ३'.

"अरे, मायनस वन टाकून बघ की," मी सहज म्हटलं. त्याने टाकलं. ६ भागिले −१ म्हणजे −६. आणि −६ हे २ पेक्षा लहान आहे की नाही? आहे. मग −२ टाकलं, −३ आलं. तेही लहान. −१०० टाकलं, −०.०६ आलं. तेही लहानच. शून्याच्या डावीकडची झाडून सगळी संख्या चालत होती, आणि आमच्या उत्तरात त्यातली एकही नव्हती.

"आयला," तो म्हणाला. "म्हणजे पुस्तक बरोबर आहे?"

पुस्तक बरोबर होतं. आमचं गुणणं चुकलं नव्हतं, भागणं चुकलं नव्हतं. मग चुकलं काय?

न विचारता धरलेली गोष्ट

चुकलं ते पहिल्याच ओळीत. 'क्ष'ने गुणताना आम्ही मनातल्या मनात धरून चाललो की क्ष धन आहे. कुणी सांगितलं होतं तसं? कुणीच नाही. आपण लहानपणापासून आंबे मोजतो, रुपये मोजतो, मुलं मोजतो. त्यामुळे संख्या म्हटली की डोळ्यांसमोर धन संख्याच येते. 'क्ष' लिहिलं की त्याच्यापुढे मायनस दिसत नाही, म्हणून ते धनच असणार असं वाटतं. पण 'क्ष' हे नुसतं नाव आहे. त्याच्या आत −७ बसलेला असू शकतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. उलट '−क्ष' लिहिलं म्हणजे ते ऋणच असेल, असंही नाही. क्ष जर −७ असेल तर −क्ष हा चक्क ७ असतो.

समीकरणात, म्हणजे मध्ये 'बरोबर'चं चिन्ह असताना, हे चालून जातं. दोन्ही बाजूंना शून्य सोडून कशानेही गुणा, बरोबर ते बरोबरच राहतं. असमानतेत मात्र मध्ये 'पेक्षा लहान' किंवा 'पेक्षा मोठं' बसलेलं असतं. तिथे ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं की चिन्ह उलटं फिरतं.

हा नियम शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला असतो. तो का, हे किती जणांना आठवतं? मला तरी आठवत नव्हतं. भाऊ म्हणाला, "फिरवायचं म्हणजे फिरवायचं, कारण विचारायचं नाही." पण कारण विचारलं तर ते आपल्या रोजच्या लोकलमध्येच सापडतं.

शीव म्हणजे शून्य

मध्य रेल्वेच्या स्लो लाइनलाच संख्यारेषा समजा. शीव स्टेशन म्हणजे ०. ठाण्याच्या दिशेला कुर्ला १, विद्याविहार २, घाटकोपर ३. सीएसएमटीच्या दिशेला माटुंगा −१, दादर −२, परळ −३. तुम्ही ठाण्याकडे जाणाऱ्या गाडीत बसला आहात, म्हणजे संख्या वाढत्या क्रमाने येतात. विद्याविहार आधी, घाटकोपर नंतर. म्हणजेच २ < ३.

आता दोन्हींना −१ ने गुणा. विद्याविहारचं दादर होतं, घाटकोपरचं परळ होतं. गाडी तीच, दिशाही तीच. पण आता आधी परळ येतं, मग दादर. −३ आधी, −२ नंतर. क्रम उलटला, म्हणून चिन्ह उलटं करावं लागलं. ऋण संख्येने गुणणं म्हणजे सगळ्यांना उचलून शिवेच्या पलीकडे ठेवणं. जो अलीकडे जास्त लांब होता तोच पलीकडेही जास्त लांब जातो. पैशांत सांगायचं तर ५ रुपये असलेला माणूस २ रुपयेवाल्यापेक्षा श्रीमंत. त्याच रकमा उधारीत बदलल्या तर ५ रुपयांची उधारी असलेलाच जास्त खड्ड्यात. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात बेरीज, वजाबाकी, गुणाकाराचे नियम दिले ते याच शब्दांत, धन आणि ऋण. एक म्हणजे संपत्ती, दुसरं म्हणजे कर्ज. आपण मराठीत आजही तेच शब्द वापरतो.

आणि शीवच शून्य का? कारण नावातच आहे. आपण सगळे सायन सायन म्हणतो, पण स्टेशनच्या पाटीवर 'शीव' लिहिलेलं असतं, आणि शीव म्हणजे हद्द. गावाची शीव म्हणतो ना, तीच. आम्ही ज्या किल्ल्यावर बसलो होतो तो ईस्ट इंडिया कंपनीने १६६९ ते १६७७ या काळात, जेरॉल्ड आँजियर गव्हर्नर असताना बांधला. इंग्रजांच्या ताब्यातलं परळ बेट इथे संपायचं आणि पलीकडे पोर्तुगिजांची साष्टी सुरू व्हायची. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकली आणि पलीकडचा शेजारी बदलला. अशा हद्दीवर उभं राहणाऱ्या पहारेकऱ्याला समोरून येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारावा लागणार, तू अलीकडचा की पलीकडचा?

असमानता सोडवतानाही पहिला प्रश्न हाच. आम्ही तो विचारलाच नाही. सरळ सगळ्यांना अलीकडचं समजून आत घेतलं.

मग करायचं काय?

रस्ते तीन आहेत. तिन्ही वापरून बघितले आणि तिन्हींचं उत्तर एकच आलं, तेव्हा कुठे आमचा विश्वास बसला.

पहिला रस्ता, दोन घरं करायची. क्ष शून्य असू शकत नाही, कारण तो छेदात आहे. मग एक तर तो धन असेल नाही तर ऋण. धन असेल तर गुणल्यावर चिन्ह तसंच राहतं, ६ < २क्ष, म्हणजे क्ष > ३. ऋण असेल तर चिन्ह फिरतं, ६ > २क्ष, म्हणजे क्ष < ३. पण या घरात फक्त ऋण संख्याच राहतात, त्यामुळे दोन्ही अटी मिळून उरतं क्ष < ०. दोन्ही घरांची उत्तरं एकत्र केली की झालं. इथे बरेच जण 'क्ष < ३' एवढंच लिहून मोकळे होतात आणि घराची अट विसरतात. मग १ आणि २ सुद्धा उत्तरात घुसतात. ६/१ म्हणजे ६, तो कुठे २ पेक्षा लहान आहे?

दुसरा रस्ता, ज्याचं चिन्ह माहीत आहे अशाच गोष्टीने गुणायचं. 'क्ष'चं चिन्ह माहीत नाही, पण क्ष² नक्की धन आहे, कारण क्ष शून्य नाही. मग क्ष² ने गुणा. ६क्ष < २क्ष². सगळं एका बाजूला आणलं की २क्ष(क्ष − ३) > ०. दोन संख्यांचा गुणाकार धन यायचा असेल तर दोन्ही धन हव्यात किंवा दोन्ही ऋण हव्यात. म्हणजे क्ष > ३ किंवा क्ष < ०.

तिसरा रस्ता परीक्षेत सगळ्यात जास्त कामाचा. गुणायचंच नाही. २ ला डावीकडे आणा. (६ − २क्ष)/क्ष < ०. आता अंश कुठे शून्य होतो? ३ वर. छेद कुठे शून्य होतो? ० वर. या दोन जागा म्हणजे आपल्या शिवा. त्यांनी संख्यारेषेचे तीन तुकडे केले. प्रत्येक तुकड्यातली एकेक संख्या घालून बघायची. −१ घातला तर ८/(−१), ऋण, चालतं. १ घातला तर ४/१, धन, चालत नाही. ४ घातला तर (−२)/४, ऋण, चालतं. एका तुकड्याच्या आत चिन्ह बदलूच शकत नाही, कारण बदलायचं तर शीव ओलांडावी लागते. म्हणून एका संख्येची चाचणी सगळ्या तुकड्याला पुरते.

यात दोन खाचखळगे आहेत. पहिला, शीव ओलांडली की दरवेळी चिन्ह बदलतंच असं नाही. (क्ष − १)²(क्ष − ४) < ० घ्या. शिवा दोन, १ आणि ४. पण १ च्या दोन्ही बाजूंना (क्ष − १)² धनच राहतो. तिथे फाटक आहे, पण पलीकडेही आपलंच गाव आहे. उत्तर येतं ४ पेक्षा लहान सगळ्या संख्या, फक्त १ सोडून, कारण १ वर सगळंच शून्य होतं आणि आपल्याला शून्यापेक्षा लहान हवं होतं. 'एक आड एक प्लस-मायनस' असं डोळे झाकून लिहिणारे इथेच पडतात.

दुसरा, प्रश्नात 'लहान किंवा बरोबर' असेल तर अंशाची शीव उत्तरात येते, छेदाची कधीच येत नाही. ६/क्ष ≤ २ असतं तर ३ चालला असता, ० मात्र नाही.

रद्द करायची घाई

छेदात काही नसलं तरी हीच चूक दुसऱ्या वेशात येते. क्ष² > क्ष. किती जण दोन्ही बाजूंचा एकेक क्ष खोडून 'क्ष > १' लिहितात! खोडणं म्हणजे भागणं, आणि भागायला चिन्ह माहीत पाहिजे. −५ घाला. २५ हे −५ पेक्षा मोठंच आहे. खरं उत्तर, क्ष > १ किंवा क्ष < ०.

अक्षरं दोन असली की मजा आणखी वाढते. अक्ष > अ. यात 'अ' खोडला तर क्ष > १. पण अ ऋण असेल तर क्ष < १. आणि अ शून्य असेल तर ० > ०, म्हणजे उत्तरच नाही. एकाच ओळीला तीन उत्तरं, आणि तिन्ही लिहिली तरच उत्तर पूर्ण. मॅनेजमेंटच्या प्रवेश परीक्षांमधले 'दिलेली माहिती पुरेशी आहे का' छापाचे प्रश्न नेमकं हेच तपासतात. तिथे आकडेमोड जवळपास नसतेच. तुम्ही काय गृहीत धरलं, एवढंच बघतात. आणि जेईई मेनमध्ये पर्यायी प्रश्न बरोबर आला तर ४ गुण मिळतात, चुकला तर १ कापला जातो. म्हणजे 'क्ष > ३'वर खूण करून खुशीत पुढे जाणाऱ्याचं पाच गुणांचं नुकसान.

अर्थात, प्रत्येक ठिकाणी घाबरायची गरज नाही. ट्रेकची गाडी १२०० रुपयांना ठरवली आणि प्रत्येकी १०० पेक्षा कमी पडायला हवेत, तर किती जण हवेत? १२००/म < १००. इथे 'म' म्हणजे माणसं, ती ऋण असूच शकत नाहीत. बिनधास्त गुणा, म > १२, म्हणजे किमान १३ जण. तसंच क्ष² + १ सारखी राशी. क्ष काहीही असो, ती धनच. तिने खुशाल गुणा. प्रश्न एवढाच, तुम्हाला चिन्ह माहीत आहे, की तुम्ही ते धरून चाललाय?

भास्कराचार्यांची माकडं

हा घोळ आजचा नाही. ज्या मध्य रेल्वेच्या रुळांवर आपण मघाशी खेळलो, त्याच रुळांनी नाशिकच्या पुढे गेलं की चाळीसगाव लागतं. तिथून जवळ पाटण इथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची त्यात नोंद आहे. हा लेख शोधून १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला तो मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं संग्रहालय ज्यांच्या नावाने आहे, तेच.

त्या भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या 'बीजगणित' ग्रंथात माकडांचं एक गणित आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली. एक झाडावर दिसतंय. तर एकूण माकडं किती? आजच्या पद्धतीने लिहायचं तर (क्ष/५ − ३)² + १ = क्ष. सोडवलं की दोन उत्तरं येतात, ५० आणि ५. दोन्ही घालून बघा. ५० चा पाचवा भाग १०, त्यातून ३ गेले ७, वर्ग ४९, अधिक १ म्हणजे ५०. बरोबर. ५ चा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले −२, वर्ग ४, अधिक १ म्हणजे ५. हेही बरोबर!

पण मधली पायरी बघा. −२ माकडं? वर्ग केला आणि मायनस गायब झाला, म्हणून हिशेब जुळला. भास्कराचार्य दोन्ही उत्तरं देतात आणि मग सांगतात की दुसरं घेऊ नये, कारण डोळ्यांसमोरच्या गोष्टींची ऋण संख्या लोकांना पटत नाही. मला यातला क्रम आवडला. त्यांनी दुसरं उत्तर आधीच टाकून दिलं नाही. आधी शोधलं, तपासलं, आतलं चिन्ह बघितलं आणि मग कारण सांगून टाकलं. आम्ही उलटं केलं होतं. दुसरं उत्तर असू शकतं हेच विसरलो होतो.

वर्गाची ही खोड असमानतेतही नडते. −५ < २ हे खरं. दोन्ही बाजूंचा वर्ग करा, २५ आणि ४. आता मोठं कोण? म्हणून दोन्ही बाजू धन किंवा शून्य आहेत याची खात्री असल्याशिवाय वर्ग करायचा नाही.

बातमीतही मायनस

तुम्ही म्हणाल, मास कॉमवालीला हे कशाला? सांगते. याआधी एका ठिकाणी इंटर्नशिप करताना मला कंपन्यांच्या निकालांची छोटी बातमी करायला दिली होती. आकडे सोयीचे करून सांगते. समजा गेल्या वर्षी १० कोटींचा तोटा, यंदा ५ कोटींचा नफा. टक्केवारीचं सूत्र मला पाठ होतं. फरक भागिले जुनी किंमत. फरक ५ − (−१०) म्हणजे १५. भागिले −१०. उत्तर −१५० टक्के. मी लिहून टाकलं, 'नफ्यात दीडशे टक्क्यांची घट'. तोट्यातून नफ्यात आलेल्या कंपनीला मी बुडवलं होतं! डेस्कवरच्या सरांनी वेळेत पकडलं आणि दोनच शब्द विचारले, "छेद बघितलास?"

तेव्हा मला वाटलं होतं, सूत्र चुकलं. त्या रविवारी किल्ल्यावर कळलं की सूत्र नव्हतं चुकलं. जुनी किंमत धनच असणार हे मी धरलं होतं, आणि ती शिवेच्या पलीकडे होती. अशा वेळी टक्के काढायचेच नाहीत. '१० कोटींच्या तोट्यातून ५ कोटींच्या नफ्यात' असं सरळ लिहायचं. वाचणाऱ्यालाही तेच कळतं.

'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठं' ही दोन चिन्हं पहिल्यांदा छापली गेली ती थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या पुस्तकात, १६३१ मध्ये. तो गेल्यानंतर दहा वर्षांनी. एवढीशी चिन्हं, पण कुठल्या बाजूला तोंड करायचं हे ठरवण्याआधी ती आपल्याला थांबून विचार करायला लावतात.

अंधार पडायला लागला तसे आम्ही खाली उतरलो. भावाने वहीतलं आधीचं उत्तर खोडलं नाही. त्याच्याशेजारी फक्त एक ओळ लिहिली, 'क्ष ऋण असेल तर?' मामीने दारातच विचारलं, "झाला का रे अभ्यास?" तो म्हणाला, "झाला. ताईने शिकवलं." गणित सोडलेल्या माणसाला यापेक्षा मोठं सर्टिफिकेट काय हवं?

परीक्षेला जाताना

• अक्षराने गुणायच्या, भागायच्या किंवा खोडायच्या आधी विचारा, याचं चिन्ह मला माहीत आहे का?
• माहीत नसेल तर सगळं एका बाजूला आणा, शिवा शोधा, प्रत्येक तुकड्यातली एक संख्या घालून बघा.
• छेद शून्य करणारी किंमत उत्तरात कधीच घेऊ नका.
• वर्ग असलेल्या अवयवाच्या शिवेवर चिन्ह बदलत नाही.
• उत्तर आलं की −१ घालून बघा. दहा सेकंद लागतात.

आता तुम्ही सांगा: 'क्ष + १/क्ष हे नेहमी २ किंवा त्याहून मोठं असतं.' खरं की खोटं? (खोटं. क्ष धन असेल तरच खरं. क्ष ऋण असेल तर ती बेरीज −२ किंवा त्याहून लहान येते. −१ घालून बघितलं होतं ना?)